घराण्यातच हिरड्या कमजोर? पायरिया आणि आनुवंशिकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगणं टाळलं आहे, त्यामुळे उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला असेल तर तिथे जाऊन वाचा. लहान मुलाचे दात वेळेआधी हलत असतील तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ९ वाचा.

१. पायरिया आनुवंशिक असतो का? हो की नाही, एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही, दोन वाक्यांत येतं. आई-वडिलांकडून पायरिया येत नाही, तो होण्याकडचा कल येतो. दातांवर जंतूंचा थर साचलाच नाही तर कल असूनही नेहमीचा पायरिया सहसा होत नाही. थर साचत राहिला तर मात्र एखाद्याचं हाड दहा वर्षांत झिजतं आणि एखाद्याचं तिशी-चाळिशी उलटली तरी जागेवर असतं. याला अपवाद आहेत, पण ते अगदी दुर्मीळ आजारांचे (प्रश्न ९ आणि १०).

२. ब्रश करताना रक्त येतं. म्हणजे पायरिया झालाच ना?

बहुतेकदा नाही. हिरडी लाल, सुजलेली, हात लागताच रक्त येणारी, पण खालचं हाड शाबूत, ही पहिली पायरी: जिंजिवायटिस. १९६५ साली डेन्मार्कमध्ये निरोगी तरुणांना ब्रश बंद करायला लावून हे पाहिलं गेलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि ब्रश पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. म्हणजे थर साचला की हिरडी सुजणारच, त्यात घराण्याचा संबंध फारसा नाही.

पायरिया, म्हणजे पेरिओडोंटायटिस, ही पुढची गोष्ट. सूज खाली उतरते, दाताला धरून ठेवणारे तंतू तुटतात, हाड झिजतं, हिरडी आणि दात यांच्यामध्ये पोकळी तयार होते. तिला दवाखान्यात पॉकेट म्हणतात. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. आनुवंशिकतेचा प्रश्न खरा इथे येतो: सूज सगळ्यांना येते, हाडापर्यंत कुणाची उतरते?

रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश लावणं सोडू नका. बहुतेक लोक हेच करतात, आणि थर नेमका तिथेच वाढतो.

३. भाऊ माझ्याइतकेच दात घासतो. त्याचे ठणठणीत, माझे हलतात. जनुक नेमकं करतं काय?

पाऊस सगळ्या इमारतींवर सारखाच पडतो, गळती मात्र एखाद्याच इमारतीला लागते. जंतूंचा थर म्हणजे तो पाऊस. हाड जंतू स्वतः खात नाहीत. जंतूंशी लढताना आपल्याच पेशी जी रसायनं सोडतात (इंटरल्युकिन-१, टीएनएफ वगैरे), ती हाड विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावतात. ही रसायनं किती सुटायची, लढाई कधी थांबवायची, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी किती चटकन पोचायच्या, हे सगळं बऱ्याच अंशी जनुकांवर ठरतं. एक-दोन नव्हे, अनेक जनुकं यात थोडाथोडा हात घालतात.

हा फरक सगळ्यांत स्पष्ट दिसला तो श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांत. तिथल्या ४८० पुरुष कामगारांच्या तोंडांची तपासणी १९७० पासून पंधरा वर्षं होत राहिली. ना ब्रश, ना डेंटिस्ट. सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीटण भरपूर. तरीही ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीने, आणि ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे सरकलाच नाही. घाण सारखी, पण परिणाम तीन तऱ्हांचे. भाऊ कदाचित त्या ११ टक्क्यांतला असेल. तुम्ही तसे नाही, त्यामुळे तुमची सफाई त्याच्याइतकी असून पुरणार नाही, त्याच्यापेक्षा चांगली हवी (कशी, ते प्रश्न १२ मध्ये).

४. "पायरियात निम्मा वाटा आनुवंशिकतेचा" असं वाचलं. म्हणजे निम्मे दात जाणारच?

नाही. हा आकडा २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ११७ प्रौढ जुळ्या जोड्यांच्या अमेरिकी अभ्यासातून आला. एकसारख्या जुळ्यांच्या हिरड्यांची स्थिती साध्या जुळ्यांपेक्षा एकमेकांशी जास्त जुळत होती, त्यावरून हिशेब निघाला. नंतर जुळ्यांचे बरेच अभ्यास एकत्र केले तेव्हा आकडा ३८ टक्क्यांच्या आसपास उतरला. पण यातला कुठलाही आकडा एका माणसाविषयी बोलत नाही. समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांमुळे, एवढंच तो सांगतो. त्याच ११७ जोड्यांत नुसत्या हिरडीच्या सुजेवर आनुवंशिकतेचा प्रभाव दिसला नव्हता, हे मात्र सहसा कुणी पुढे पाठवत नाही.

५. आईचे चाळिशीतच सगळे दात गेले, आजीचेही. माझेही जाणार का?

आधी ते का गेले ते शोधा. "आमच्या घराण्यातच दात लवकर पडतात" हे वाक्य मुंबईत घरोघर ऐकू येतं, आणि त्यामागची कारणं दर घरी वेगळी निघतात. आईला, मावशीला, मामाला पुढचं विचारा आणि लिहून ठेवा:

- दात हलून पडले की किडून, ठणका लागून काढावे लागले? किडून गेले असतील तर तो पायरिया नव्हेच (प्रश्न १८).
- पहिला दात कितव्या वर्षी हलायला लागला? पस्तिशीच्या आत हलला असेल तर घराण्याचा कल असण्याची शक्यता वाढते. साठीनंतर असेल तर फारशी नाही.
- कुठले दात? समोरचे पटाशीचे आणि पहिल्या दाढा आधी गेल्या असतील तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा (प्रश्न ८).
- त्या वेळी डायबेटिस होता का? असला तरी तपासलेला होता का?
- मशेरी, तंबाखू, विडी?

शेवटच्या प्रश्नावर बऱ्याच घरांत गोष्ट उलटते. आजी मशेरी लावायची, आईला तिनेच लावायला शिकवलं, दोघींच्या हिरड्या उतरल्या. पिढ्यानपिढ्या आलेली ही सवय आहे, जनुक नाही. तुम्ही मशेरी लावत नसाल तर तो वारसा तुमच्यापाशी थांबला.

याउलट आई तंबाखूला कधी शिवली नाही, साखर नॉर्मल, तरी तिशीत दात हलले, आणि मामाचंही तसंच झालं, तर तुमचा धोका सरासरीपेक्षा जास्त धरून चाला. अजून काही त्रास नसला तरी पंचविशीच्या आत एकदा हिरड्यांची मापं घ्या. पाच मिनिटांचा हा घरगुती तपशील आज मिळणाऱ्या बहुतेक जनुक-चाचण्यांपेक्षा उपयोगी आहे, आणि फुकट आहे.

६. डेंटिस्टकडे गेल्यावर नेमकं काय तपासून घ्यायचं? ते आरशाने बघून "ठीक आहे" म्हणतात.

आरशाने पॉकेट दिसत नाही. "पेरिओ चार्टिंग करून द्याल का?" असं विचारा. त्यात मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई (प्रोब) हिरडी आणि दात यांच्यामध्ये हलकेच सरकवतात. प्रत्येक दाताच्या सहा जागा मोजतात: बाहेरून तीन, आतून तीन. अक्कलदाढा सोडून २८ दात धरले तर १६८ आकडे होतात. १ ते ३ मिलिमीटर नॉर्मल. ४ आणि त्यावर, तेही रक्त येत असेल, तर लक्ष द्यायची जागा. ६ किंवा जास्त म्हणजे हिरड्यांच्या तज्ज्ञाचं काम. जोडीला दातागणिक छोटे एक्स-रे. ओपीजी (पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे) एका नजरेत सगळा जबडा दाखवतो, पण कडेचं बारीक झिजणं त्यात निसटतं.

मग एक सोपा भागाकार. सगळ्यांत वाईट दाताच्या मुळाजवळचं हाड किती टक्के गेलंय, भागिले वय. २८ वर्षांच्या मुलीचं ४० टक्के गेलं असेल तर ४० भागिले २८, म्हणजे १.४. साठीच्या काकांचं ३० टक्के गेलं असेल तर ०.५. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पायरियाच्या वर्गीकरणात ०.२५ च्या खाली संथ (ग्रेड ए), ०.२५ ते १ मध्यम (बी) आणि १ च्या वर वेगवान (सी). हाड काकांचंही बरंच गेलंय, पण काळजी तिची जास्त. शिवाय रोज दहा किंवा जास्त सिगारेटी, किंवा डायबेटिस असून एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ टक्के किंवा वर असेल, तर आकडा काहीही येवो, ग्रेड सी धरतात.

मुंबईत हे काम खाजगी पेरिओडोंटिस्ट (हिरड्यांचे तज्ज्ञ) करतातच. शिवाय सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, दोन्हीकडे पेरिओ विभाग आहे. सकाळी लवकर गेलात तर बरं, आणि चार्टची प्रत किंवा निदान फोनवर फोटो घ्या. पुढच्या वेळी तुलना करायला जुने आकडे हातात नसले तर हाड अजून झिजतंय की थांबलंय हे कळायला मार्ग नाही.

७. लाळेची जनुक-चाचणी मिळते म्हणे. करून घेऊ?

नेहमीच्या पायरियासाठी नको. १९९७ साली इंटरल्युकिन-१ च्या जनुकांतली एक विशिष्ट रचना गंभीर पायरियाशी जोडली गेली, तीही सिगारेट न ओढणाऱ्यांत, आणि त्यावर चाचणीही बाजारात आली. पुढच्या अभ्यासांत निष्कर्ष कधी जुळले, कधी नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत ही रचना साधारण तिघांतल्या एकात सापडते, चिनी लोकांत क्वचितच. एका वंशातला अंदाज दुसऱ्याला तसाच लावता येत नाही. नंतर संपूर्ण जनुकसंच चाळणारे अभ्यास झाले, त्यांत आणखी काही जागा सापडल्या, पण एकेका जागेचा परिणाम इतका लहान की त्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

व्यवहाराच्या बाजूने बघा. रिपोर्ट "धोका जास्त" आला तर डॉक्टर काय सांगतील? नीट साफ करा, तंबाखू सोडा, दर तीन महिन्यांनी दाखवा. "धोका कमी" आला तर? तेच. उलट दुसऱ्या रिपोर्टने माणूस निर्धास्त होतो, हा त्या चाचणीचा खरा तोटा. ते पैसे प्रश्न ६ मधल्या चार्टिंगवर आणि एक्स-रेवर घाला.

एकाच जनुकाच्या बिघाडाचे आजार मात्र वेगळे. तिथे जनुक-तपासणीने निदान पक्कं होतं आणि उपचार बदलतात (प्रश्न ९, १०, १७).

८. मला पंचविशीत पायरिया निघाला. मुलांना कधीपासून दाखवू?

कायमच्या पहिल्या दाढा सहाव्या वर्षाच्या सुमारास येतात, पटाशीचे दात सहा ते आठ या वयात. तरुणपणी वेगाने पसरणारा पायरिया बहुधा याच दातांपासून, वयात येण्याच्या सुमारास सुरू होतो, आणि फसवणूक अशी की दातांवर कीटण फारसं नसतं. मुलगा नीट घासतो, दात पांढरे, म्हणून कुणी प्रोब लावत नाही. समोरच्या दोन दातांत अचानक फट पडली, एखादा दात लांब दिसू लागला, दाढ चावताना हलते असं वाटलं, तर तीच खूण.

म्हणून बारा-तेराव्या वर्षी पहिल्या दाढा आणि पटाशीचे दात प्रोबने मोजून घ्या आणि पुढे वर्षातून एकदा. एका भावंडात सापडलं तर बाकीच्यांची तपासणी त्याच महिन्यात करा. आणि तारा लावायच्या असतील तर आधी हे मोजमाप व्हायलाच हवं. हिरडीत आजार चालू असताना दात ओढले तर हाड आणखी वेगाने जातं.

९. मुलगी साडेतीन वर्षांची. दुधाचे दात हलून पडतायत. "दुधाचेच आहेत, परत येतील" असं घरचे म्हणतात.

घरच्यांचं ऐकू नका. दुधाचे दात सहाव्या वर्षाच्या आसपास पडायला लागतात. मार न लागता पाचव्या वर्षाआधी दात पडणं हे शरीरातल्या दुसऱ्या कशाचं तरी लक्षण असू शकतं. पडलेला दात टाकू नका, डबीत घालून डॉक्टरांकडे न्या. त्याचं मूळ सगळ्यांत आधी बघायचं असतं.

मूळ पूर्ण लांबीचं आहे, विरघळलेलं नाही, आणि हिरडी विशेष सुजलेली नाही: हायपोफॉस्फटेशिया असू शकतो. एएलपीएल जनुकातल्या बिघाडामुळे मुळावरचा सिमेंटमचा थर नीट बनत नाही आणि दात पकडच घेत नाही. यासाठी रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज बघतात. इथे हमखास एक गफलत होते. हा आकडा वाढला की लॅबवाले ठळक करतात, कमी असला की कुणाचं लक्ष जात नाही. शिवाय मुलांचं नॉर्मल मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं. मोठ्यांच्या पट्ट्यात "नॉर्मल" दिसणारा आकडा साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी कमी असू शकतो. वयानुसारची मर्यादा मागून घ्या.

हिरड्या लालभडक, पू, आणि तळहात-तळपाय जाड, खरखरीत, भेगाळलेले: पॅपिलॉन-लफेव्र (प्रश्न १०). हे तळवे बऱ्याचदा एक्झिमा किंवा सोरायसिस म्हणून क्रीम लावून चालवलेले असतात. दंतवैद्याने तळहात बघितले नाहीत आणि त्वचारोगतज्ज्ञाने तोंड उघडायला सांगितलं नाही, की निदान वर्षानुवर्षं लांबतं. दोन्हीकडे दोन्ही दाखवा.

वारंवार संसर्ग, जखमेत पू धरत नाही, पांढऱ्या पेशी मात्र खूप वाढलेल्या: जन्मानंतर नाळ कधी गळली ते आठवा. ती साधारण एक-दोन आठवड्यांत गळते. तीन-चार आठवडे लागले असतील तर ल्युकोसाइट ॲडहीजन डेफिशियन्सीचा संशय घ्यावा लागतो. यात पांढऱ्या पेशी रक्तात असतात, पण जागेवर पोचू शकत नाहीत. परळला केईएमच्या आवारातली आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांचं निदान करते. बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन जा.

दर तीन आठवड्यांनी ताप, तोंडात फोड, हिरड्या सुजणं: सायक्लिक न्यूट्रोपेनिया. न्यूट्रोफिल साधारण २१ दिवसांच्या चक्रात खाली जाऊन वर येतात. एकच सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) केला आणि तो चांगल्या दिवशी पडला तर रिपोर्ट स्वच्छ येतो, आणि तिथेच विषय बंद होतो. सहा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा सीबीसी करावा लागतो. लहान मुलाला इतक्या वेळा टोचायचं कुणाच्याही जिवावर येतं, पण त्याशिवाय चक्र दिसत नाही.

१०. मुलाला पॅपिलॉन-लफेव्र सांगितलंय. आम्हा दोघांच्या दातांना काहीच नाही, मग त्याला कसा?

सीटीएससी जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच हा आजार होतो. तुम्हा दोघांकडे एकेक प्रत बिघडलेली आणि एकेक चांगली, म्हणून तुम्हाला काही नाही. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल बाधित झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नव्हे.

नात्यातल्या लग्नांत ही गाठ पडण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न पूर्वापार होत आलं आहे, तेव्हा हे विचारताना डॉक्टर तुमच्या घराण्याला नावं ठेवत नाहीत, हिशेब करत असतात. खरं सांगा. याच जनुकाच्या बिघाडाचा सख्खा भाऊ म्हणावा असा हेम-मंक सिंड्रोम तर कोचीच्या ज्यू समाजात, एकाच लहान समूहात आपसांत लग्नं झाल्याने दिसून आला.

उपचार न केल्यास दुधाचे दात चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत आणि कायमचे दात ऐन किशोरवयात जातात. मधल्या काळात, तोंडात दात नसताना, हिरड्या चक्क निरोगी दिसतात, त्यामुळे "बरं झालं" असं वाटतं. तो काळ वाया घालवायचा नाही. बाधित दुधाचे दात कायमचे दात यायच्या आधी काढणं, अँटिबायोटिक, काटेकोर सफाई, आणि त्वचेसाठी रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या जातीची औषधं, उदाहरणार्थ ॲसिट्रेटिन) गोळ्या असा उपचार बालदंतवैद्य, पेरिओडोंटिस्ट आणि त्वचारोगतज्ज्ञ मिळून ठरवतात. मुलगी असेल तर ध्यानात ठेवा: रेटिनॉइडमुळे गर्भाला गंभीर व्यंग येतं, आणि ॲसिट्रेटिन बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते. या मुलांना यकृतात पू होण्याचा धोकाही असतो. कारण न सापडणारा ताप आला तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या.

११. लग्नानंतर माझ्या हिरड्या बिघडल्या. नवऱ्याकडून लागण झाली का?

जंतू एकमेकांच्या तोंडात जातात, विशेषतः जोडप्यांत आणि आई-बाळांत. आजार मात्र सर्दीसारखा उडून लागत नाही. घरात एकाला गंभीर पायरिया असेल तर दुसऱ्याने एकदा तपासून घ्यावं, एवढं पुरे. घराण्यात आजार दिसण्यामागे हेही एक कारण आहे, सगळं जनुकांच्या माथी मारू नये.

१२. कल आहे असं धरलं, तर रोज काय वेगळं करू?

पायरिया सुरू होतो तो दोन दातांच्या मधे, आणि ब्रश तिथे पोचत नाही. दिवसातून चार वेळा घासलंत तरी पोचणार नाही. म्हणून रात्री झोपण्याआधी इंटरडेंटल ब्रश (बारीक तारेवर केस असलेला छोटा ब्रश): फटीत थोडा दाटून, पण जोर न लावता जाईल असा. सगळ्या फटींना एक माप चालत नाही, बहुतेकांना दोन किंवा तीन मापं लागतात; ती पहिल्यांदा दवाखान्यातच ठरवून घ्या. ब्रशची तार फटीत अडकत असेल तर ती ढकलू नका, लहान माप घ्या. ब्रश जाऊच शकत नाही इतक्या घट्ट जागी फ्लॉस (दातांमधून फिरवायचा धागा).

नेहमीचा ब्रश मऊ, हिरडीच्या रेषेवर ४५ अंशांत तिरका धरून, दोन मिनिटं. रात्रीचं घासणं चुकवू नका. शिफ्टवरून शेवटच्या लोकलने येणाऱ्यांनी घरी पोचेपर्यंत न थांबता ऑफिसातच उरकून घेतलं तरी चालेल.

क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के माउथवॉश: १० मिलि, एक मिनिट, दिवसातून दोनदा, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर, दोन आठवडे. महिनोन्महिने नको, दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चहाने ते आणखी गडद होतात. पेस्ट लावल्यावर अर्धा तास थांबून वापरा, नाहीतर पेस्टमधल्या फेसाळ द्रव्याने त्याचा जोर कमी होतो.

१३. सिगारेट ओढतो, पण रक्त कधीच येत नाही. म्हणजे माझी जनुकं चांगली?

उलट. निकोटिनमुळे हिरडीतला रक्तपुरवठा आणि सूज दबते, त्यामुळे रक्त येत नाही आणि आत हाड जात राहतं. कटिंग आणि सिगारेट हा टपरीवरचा जोड जनुकांपेक्षा भारी पडतो. तंबाखू-चुना जिथे दाबून ठेवता तिथली हिरडी खाली सरकते, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तव्यावर भाजलेली मशेरी औषधी नाही, ती तंबाखूच आहे. सिगारेट सोडल्यावर सुरुवातीला हिरड्यांतून रक्त यायला लागतं, घाबरू नका. दबलेली सूज दिसायला लागली, इतकंच.

१४. आईकडून पायरिया, वडिलांकडून डायबेटिस. दोन्हीचा मेळ?

वाईट मेळ. साखर जास्त असली की पायरिया वाढतो, आणि पायरियाची सूज साखर वर ठेवते. चांगली बातमी अशी की हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो. उपचार सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी, दोन्ही रिपोर्ट डेंटिस्टला दाखवा. दोन-तीनदा हिरडीत गळू झालं आणि साखर कधी तपासलीच नसेल, तर उद्याच तपासा.

१५. दात साफ केले की हलायला लागतात म्हणतात. आधीच घराण्यात कमजोर, मग कशाला?

कीटणाचा दगड दोन दातांना सिमेंटसारखा जोडून ठेवतो. तो काढल्यावर आधीच गेलेलं हाड आणि आधीच पडलेली फट उघडी होते. हलणं स्केलिंगने (कीटण काढण्याने) आलं नाही, तोपर्यंत झाकलेलं होतं. काही दिवस थंड-गरम लागतं, ते कमी होतं.

क्रम असा: स्केलिंग, मग पॉकेट खोल असतील तिथे भूल देऊन मुळाची सफाई, मग सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मापं. खोल पॉकेट उरले तर तिथे फ्लॅप शस्त्रक्रिया (हिरडी उघडून सफाई). त्यानंतर पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी सफाई. कल असलेली माणसं शेवटच्या पायरीवर ढेपाळतात. रक्त थांबलं, वास गेला, की येणं बंद. मग वर्षभराने सगळं मूळपदावर येतं आणि दोष पुन्हा घराण्याला.

१६. मेडिकलमधून अँटिबायोटिक घेतलं की सूज उतरते. तेच दरवेळी घेऊ का?

नको. थर जागेवर असताना गोळ्या आतपर्यंत पोचत नाहीत. सूज उतरते, हाड जात राहतं. तरुण वयातल्या वेगवान पायरियात अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोलची जोडी देतात, पण मुळाच्या सफाईला जोडून, एकदाच. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू बंद, आणि वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती गोळी घेऊच नये.

१७. हिरड्या उतरण्याऐवजी वाढतच चालल्यात, दात झाकले गेले. हेही आनुवंशिक?

आधी औषधांची यादी बघा. फिटची फेनिटॉइन, ब्लड प्रेशरची ॲम्लोडिपिन किंवा निफेडिपिन, किडनी बदलल्यावरची सायक्लोस्पोरिन, यांनी हिरड्या वाढतात. सगळ्यांच्या नव्हे, आणि कुणाच्या वाढणार यात शरीराच्या घडणीचा वाटा आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका, विशेषतः फिटची. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना पर्याय विचारा. गरोदरपणातली सूज बहुतेक बाळंतपणानंतर उतरते.

औषध नाही, लहानपणापासून हिरडी घट्ट, फिकट गुलाबी, जाड, आणि आई किंवा वडिलांचीही तशीच: आनुवंशिक जिंजायव्हल फायब्रोमॅटोसिस. इथे एका पालकाकडून आलेली एक प्रत पुरते. हिरडी कापून आकार देतात, पुन्हा वाढू शकते.

हिरड्या उतरलेल्या, भोवतीची घट्ट हिरडी जवळपास नाहीच, जरा लागलं की निळे डाग, नडगीवर तपकिरी चट्टे, आणि घरात एका पालकालाही असंच: एहलर्स-डॅनलॉसचा हिरड्यांचा प्रकार. त्याची जनुकं (सी१आर आणि सी१एस) २०१६ मध्ये सापडली. इथे जनुक-तपासणी करून घेणं योग्य.

आणि हिरड्या काही दिवसांतच भराभर सुजल्या, सोबत ताप, फिकटपणा, अंगावर डाग: त्याच दिवशी सीबीसी. ल्युकेमिया असू शकतो, त्यात स्केलिंगची अपॉइंटमेंट घेत बसू नका.

१८. दात किडणंही घराण्यात असतं का?

तो वेगळा आजार, वेगळे जंतू, साखरेचा मोठा हात. एकाच माणसात किडलेले दात खूप आणि हिरड्या उत्तम, किंवा एकही कीड नाही आणि सगळे दात हलतायत, असं सर्रास दिसतं. दुसऱ्या प्रकारची माणसं "माझे दात कधी किडले नाहीत" म्हणून डेंटिस्टकडे उशिरा पोचतात.

१९. पायरियात दात गेले. इम्प्लांट बसवले तर जनुकांचा प्रश्न मिटला ना? स्क्रूला पायरिया कसा होणार?

स्क्रूला होत नाही, त्याभोवतीच्या हाडाला होतो. त्याला पेरिइम्प्लांटायटिस म्हणतात. पायरियाने दात गेलेल्यांत तो जास्त होतो, आणि उपचार दातापेक्षा अवघड. उरलेल्या दातांचे पॉकेट काबूत आल्याशिवाय इम्प्लांट बसवू नका. बसवल्यावर पहिल्या वर्षाच्या आत, पुढे तुलनेला म्हणून, एक एक्स-रे आणि प्रोबची मापं नोंदवून घ्या, आणि तीन महिन्यांची सफाई इम्प्लांटलाही लागू. "दोन दिवसांत सगळे दात काढून सगळे बसवून देतो" अशी ऑफर असेल तर आधी विचारा की दर तीन महिन्यांनी बघणार कोण.